आईचे तास

बुधवार, २८ जानेवारी

सोमवारी इथे लिहिलं की ओदिलोनकाकांनी कार्डांवरून आईचं नाव गाळलं. चूक. नाव मी गाळलं.

गेल्या जूनमध्ये चेरीच्या तोडणीला कुणी किती पेट्या तोडल्या याची कार्डं भरायचं काम माझ्याकडे होतं. काका टोळीचे मुकादम, बाप्तिस्म्यापासून माझे धर्मपिताही. म्हणाले, "तू कॉलेजात जाणार ना? मग धर पेन!" पहिल्याच सकाळी आई शिडीवरून म्हणाली, "माझ्या पेट्या बाबांच्या कार्डावर टाक गं. दोन दोन कार्डं कोण सांभाळणार?" सगळ्यांचं तसंच. घराला एक कार्ड, नवऱ्याच्या नावाचं. मी टाकल्या. चेरी संपली, पेअर आले, तेव्हाही टाकल्या. सगळं माझ्या अक्षरात.

सोमवारी हे लिहायला हात धजला नाही म्हणून काकांवर ढकललं. वहीशीसुद्धा खोटं!

गुरुवार, २९ जानेवारी

राज्य सरकारच्या पगारी रजेच्या ऑफिसला फोन. चाळीस मिनिटं नुसतं संगीत. मग एक बाई आली, चांगली होती. शस्त्रक्रियेनंतर आईला पगारी रजा मिळू शकते — पण वर्षभरात आठशेवीस तास काम केलेलं दिसायला हवं. आईचे दिसतात पाचशे सहा. फक्त सफरचंदं भरायच्या शेडमधले. "झाडांवरचे तास मालकाने दुरुस्त करून कळवले तर धरू. पुरावा असेल तर जपून ठेवा." अर्ज शस्त्रक्रिया झाल्यावर. पण मालकाला महिनाभर आधी लेखी कळवायचं.

शस्त्रक्रिया १६ मार्चला. गर्भाशय काढणार. आईने दोनदा पुढे ढकललीय, आता रक्त इतकं कमी झालंय की डॉक्टरीण तिच्यावर ओरडली. सहा आठवडे काही उचलायचं नाही. रजा मिळाली नाही तर दहाव्या दिवशी ती शिडीवर असेल. ओळखते मी तिला.

शुक्रवार, ३० जानेवारी

सकाळपासून तीनदा शेगडी बंद आहे का पाहिली. बंदच होती.

शनिवार, ३१ जानेवारी

वाट सापडली! बाबांचे तास भरपूर आहेत. आजारी बायकोची काळजी घ्यायला नवऱ्यालाही पगारी रजा मिळते. कुणाशी भांडण नाही, कार्डाचा विषयच नाही.

बाबा म्हणाले, "म्हणजे मी घरात बसून काय करू?"

"तिला उठवायचं, बसवायचं, खायला करून घालायचं."

आई हसता हसता पोट धरून बसली. "हा करणार? अगं, घरात एकाचे दोन रोगी होतील!"

बाबांनी माझ्या हातातलं पेन घेतलं. मग, "कुठे सही करायची सांग."

किती हलकं वाटायला हवं होतं. वाटत नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी

मेणबत्त्यांचा सण. मक्याच्या पानांत वाफवलेले तामाले खायला सगळी टोळी काकांकडे. मी काहीच बोलणार नव्हते. बोलले. ताटली हातात, तोंडात घास, आणि विचारलं — आईचे चेरीचे तास मालकाला सांगून चढवता येतील का?

काका हसले. "तुझ्या आईचे चढवले तर उद्या दहा बायका रांगेत. मग मालक विचारणार, मुकादमा, इतकी वर्षं काय करत होतास? आणि पोरी, कार्डं कुणी लिहिली होती?"

तेवढंच. पण तुम्ही राहता ते मालकाचं घर माझ्या शब्दावर मिळालंय, हे त्यांनी न बोलताही कळलं.

काकांची बायको, क्रिस्पीनाकाकू, वाफेच्या भांड्यामागून बोलल्या, "शिकल्या ना त्या! आता आपल्यालाच कायदा शिकवणार. खा गं, गार होतंय." बायका हसल्या. बाबांनी टोपी उचलली. आम्ही सगळ्यांच्या आधी निघालो.

बुधवार, ४ फेब्रुवारी

बाबांचा सराव चाललाय. तव्यावर मक्याची तोर्तिया टाकतात आणि तिच्याकडे शेळीकडे पाहावं तसं बघत बसतात. तीन जळाल्या. आईने त्याच खाल्ल्या.

मी बाबांचे कागद भरत होते. आई शेजारी बसून घेवड्याच्या बिया निवडत होती. तिने विचारलं, "माझ्याबद्दल काय लिहिलंयस त्यात?"

"रुग्ण. नातं — पत्नी."

"आणि मी काय काम करते?"

"हा बाबांचा अर्ज आहे, आई. त्यात तो रकानाच नाही."

थोडा वेळ बिया निवडल्या. मग आमच्या गावाकडच्या भाषेत म्हणाली, "म्हणजे कागदावर मी त्या झाडांवर चढलेच नाही."

मी म्हटलं, माझ्यामुळे. माझं अक्षर. रडायला लागले. तर रागावली! "तुझं रडू बाजूला ठेव. तू लिहिलंस, मी लिहायला सांगितलं. मला ते तास हवेत. मिळतील की नाही, ते बोल."

आईने याआधी कधी 'मला हवंय' म्हटलेलं मला आठवत नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

मालकाला पत्र. पहिल्यात लिहिलं, 'नजरचुकीने'. नजरचूक नव्हती, फाडलं. दुसऱ्यात काकांचं नाव आलं, फाडलं. तिसऱ्यात फक्त खरं — एर्मेलिंदा, माझी आई, जूनपासून ऑगस्टअखेर रोज पहाटे पाचपासून झाडांवर होती. तिच्या पेट्या मी वडिलांच्या कार्डावर लिहिल्या.

घर गेलं तर? बाबांना विचारलं. म्हणाले, "छाटणीवाल्याला काम कुठेही मिळतं." काम मिळेल, पण घर? आणि पुरावा? कार्डं काकांकडे. ते कशाला देतील! पत्र वहीत ठेवलंय. दिवसातून चार वेळा काढून वाचते. पोस्टात टाकायला नेत नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

सकाळी क्रिस्पीनाकाकू आल्या. बसल्या नाहीत. भाकरीच्या फडक्यात बांधलेला गठ्ठा टेबलावर ठेवला — गेल्या उन्हाळ्यातली कार्डं. "तुझे काका जाळून टाक म्हणाले होते. बघ, एका माणसाच्या हातून दिवसात इतक्या पेट्या होतात का! कुणीही सांगेल, दोघं होती." दारातून परत वळल्या. "माझंही एक पत्र लिही. अठरा उन्हाळ्यांच्या तोडण्या केल्यात मी. सगळ्या त्यांच्याच कार्डावर."

गुरुवार, १२ फेब्रुवारी, सकाळी सात. मालकाचं ऑफिस. आई, काकू आणि मी, आम्ही तिघी. पत्रं आणि कार्डं घेऊन.