आवाज बंद करून पाहिलेला चित्रपट

प्रिय दादा,

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू नुसतं "हं" म्हणतोस, आणि भरसभेत कुणाला न बधणारी मी तुझ्या त्या एका अक्षरापुढे गारद होते. म्हणून पत्र लिहितेय. आई म्हणायची ना, एक घुम्या आणि एक तोफ जन्माला घातली, वाटणीच चुकली माझी. तर तोफेचं ऐकून घे, मध्ये "हं" म्हणायची सोय नाही.

संस्थेतलं माझं दुसरं वर्ष चालू आहे. चित्रपट परीक्षण शिकवणाऱ्या बाईंना सगळे कात्रीबाई म्हणतात, आणि त्यांना ते माहीत आहे. माझं पहिलं परीक्षण आठ पानांचं झालं होतं. त्यात सत्ता होती, बाजार होता, माणसाची विटंबना होती, माझ्या वाचनातली निम्मी पुस्तकं होती. बाईंनी ते वर्गात मोठ्याने वाचलं, मुलांनी बाकं वाजवली आणि मी फुगून बसले. मग चष्मा काढून बाई म्हणाल्या, "भाषण झकास आहे गं. चित्रपट कुठला होता?" सगळा वर्ग हसत सुटला. त्याही हसल्या, मग शांतपणे म्हणाल्या, "हे तू चित्रपट न बघताही लिहिलं असतंस."

त्यांची शिस्त कडक. सुंदर, प्रभावी, हृदयस्पर्शी हे शब्द छत्र्यांबरोबर दाराबाहेर ठेवून यायचे. पडद्यावर कोण कुठे उभं आहे, कोण कुणाकडे बघतंय, उजेड कुठून येतोय, ते आधी लिहायचं. मत मागाहून. "मत काय, बसथांब्यावरही मिळतं," म्हणतात. मी कडाडून भांडले. म्हटलं, जगाला आग लागलेली असताना उजेड कुठून येतो ते बघत बसायचं? त्या म्हणाल्या, "आग कुठे लागलीय ते बघितल्याशिवाय पाणी कुठे मारणार आहेस?" त्या दिवसापासून मी बघायला शिकू लागले. टीका म्हणजे कुणाला झोडपणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, कुणी केलेल्या कामाकडे पूर्ण लक्ष देऊन बघणं हाच त्याचा सगळ्यात मोठा मान आहे, आणि बघून झाल्यावर खोटं बोलणं हा सगळ्यात मोठा अपमान.

त्यांचा आणखी एक धडा आहे. प्रत्येक चित्रपट दुसऱ्यांदा बघायचा तो आवाज बंद करून. गंमत होते रे. ज्या प्रसंगावर आपण ढसाढसा रडलेलो असतो तो निव्वळ व्हायोलिनवर उभा होता हे कळतं. एखादा नट नुसता ओरडत होता, चेहऱ्यावर काहीच नव्हतं, हे कळतं. आवाज गेला की काय गेलं आणि काय राहिलं, ते दोन रकान्यांत लिहून काढायचं.

तुझा चित्रपट आमच्या प्रेक्षागृहात लागला तेव्हा मी मधल्या रांगेत होते. आईची नोकरी तू तशीच ठेवलीस, बिस्किटांच्या कारखान्यातली. पुडे बांधणारे हात, कागदाची घडी, अंगठ्याने दाबलेली कड. ते हात बघून माझ्या नाकात तिच्या कपड्यांचा तो गोड, करपट वास आला. अख्ख्या चित्रपटात याहून खरं काही नाही, आणि हे मी तुझ्या चित्रपटाच्या परीक्षणातही लिहिलं आहे. शेवटी आजारी आई खिडकीपाशी बसलेली, कित्येक वर्षांनी परतलेला मुलगा तिच्या मांडीवर डोकं ठेवतो आणि ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहते. प्रेक्षागृहात हुंदके ऐकू येत होते. त्यातला एक माझा होता.

आमच्या संस्थेच्या मासिकात परीक्षण कुणी लिहायचं, यावर चर्चा झाली तेव्हा बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दिग्दर्शक माझा सख्खा भाऊ आहे. त्या म्हणाल्या, "मग पहिल्याच ओळीत तसं सांग. बहीण म्हणून लिहू नकोस आणि बहीण नाहीस असं सोंगही आणू नकोस. जमणार नसेल तर नाही म्हण." मी हो म्हटलं. का म्हटलं, हे मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

दुसऱ्यांदा मी तो संस्थेच्या छोट्या खोलीत एकटीने पाहिला, आवाज बंद करून. मुलाचे प्रसंग पोकळ झाले, कारखान्याचेही झाले, कारण पावलांचा आणि यंत्रांचा आवाज गेला. आईचे प्रसंग मात्र होते तसेच राहिले. रकान्यात लिहायला काही नव्हतं. मी मागे जाऊन पुन्हा पाहिलं, वाटलं माझंच लक्ष चुकलं. नाही. दादा, तुझ्या चित्रपटातली आई पहिल्यापासून शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही. आजारी पडण्याआधीही नाही. कारखान्यात नाही, जिन्यात नाही, मुलगा घर सोडून जातो तेव्हासुद्धा नाही. ती नुसती बघते, आणि तिच्यावर उजेड मोठा देखणा पडतो.

आपली आई! कारखान्याच्या फाटकापाशी स्टुलावर उभी राहून बोलायची तेव्हा पाळी संपवून निघालेल्या बायका घरी जायचं सोडून थांबायच्या. साहेब म्हणाला होता, "बाई, जरा हळू बोला." तर ही म्हणाली, "हळू बोलून बघितलं साहेब, तुम्हाला ऐकू आलं नाही." जिच्या जिभेने घर चाललं, तिला तू पडद्यावर मुकी केलीस आणि लोक तिला सोशिक म्हणून टाळ्या वाजवतायत. परीक्षणात मी लिहिलंय की हा चित्रपट आईवर प्रेम करतो पण तिला बोलू देत नाही. की तिच्या गप्प राहण्यावर मुलाची सुटका उभी आहे. की जी माणसं काहीच म्हणत नाहीत त्यांच्याकडून माफी मिळवणं फार सोपं असतं. शुक्रवारी ते छापून येईल. तुला बाहेरच्या कुणाकडून कळू नये, म्हणून त्याची प्रत सोबत ठेवली आहे. एक शब्द बदलणार नाही. बदलला तर मी आईची लेक कसली?

पण एक परिच्छेद त्या प्रतीत नाही. बाईंनी तो काढला. "हे पडद्यावर आहे? नाही ना? मग हे वाचकाचं नाही, भावाचं आहे, त्याला दे," म्हणाल्या. तो आता देते. आईच्या घशाचं ऑपरेशन होऊन आवाज गेला, त्यानंतर तू आलास, घर सोडल्यावर पहिल्यांदाच, तिच्या शेवटच्या आठवड्यांत. तुझ्या आठवणीत तीच गप्प आई राहिली असेल, मी समजू शकते. पण त्या दिवशी ती गप्प नव्हती रे. तू दारात दिसताच तिने स्टीलचा पेला उचलला आणि पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपटायला लागली. खण्, खण्, खण्. मी तुला म्हटलं, "अरे, रागावलीय ती तुझ्यावर." तू म्हणालास, "वेदना होतायत तिला," आणि नर्सला हाक मारलीस. इंजेक्शन दिलं, पेला हातातून सुटला, ती झोपली. तुझ्या चित्रपटात त्या जागी केसांतून फिरणारा हात आहे. आईने तो हात फिरवला नाही, दादा. तिने तुला माफ केलं की नाही, मला माहीत नाही, आणि ठाऊक असल्याचं सोंग मी आणणार नाही. मला एवढंच ठाऊक आहे की ती तुला शिव्या घालत होती. इतक्या वर्षांचं सगळं एका पेल्यावर काढत होती. आणि आपली आई परक्या माणसाला कधी शिव्या घालायची नाही, त्याच्याकडे पाठ फिरवून निघून जायची. तिला तुझ्याशी भांडायचं होतं. ते भांडण तसंच राहिलं आहे, आणि घरात ते करण्याइतकी तोंडाळ आता मी एकटी उरले आहे. शुक्रवारी मासिक वाच, संतापून घे, आणि पुढच्या गाडीने इकडे ये. या वेळी नर्सला बोलवायचं नाही.

तुझ्याशी भांडायला बसलेली, तुझीच,
धाकटी