पोरीचा स्पॅनिश कॉम्प्युटर

२७ सप्टेंबर, शनिवार
नात परत आली. या खेपेला बोटं! उदयसिंहानं दाराच्या फटीत धरून दार लावलं. नवरा आहे की खाटीक! डाव्या हाताची दोन बोटं वांग्यासारखी सुजलीत. राजनंदिनी रडली नाही. म्हणाली, "आज्जी, उजवा हात चांगला हाय." म्हटलं, "गळा बी चांगला हाय अजून. तो धरायच्या आत आलीस ते बरं केलंस."

कारण काय, तर नोकरी. ही स्पॅनिश शिकलेली. कागलच्या एमआयडीसीतली एक कंपनी मेक्सिकोला मशीनचे भाग धाडते. तिकडची पत्रं वाचायची, उत्तरं लिहायची, घरी बसून. सहा तारखेला परीक्षा, तीही घरातूनच, कॉम्प्युटरवर. "परक्या बाप्यांना पत्रं लिवणार व्हय?" म्हणून दार लावलं.

नोकरी लागली तर परत नांदायला जायची नाही म्हणते. नाही लागली तर भावकी बसेल, समजूत घालेल आणि पाठवेल. मागं दोनदा पाठवली. चहा पिऊन उठले सगळे.

२९ सप्टेंबर
गल्लीतला मुनव्वर कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्यानं एक जुना आणून दिला. चालू केला तर स्पॅनिश अक्षरांच्या जागी नुसती चौकोनी खोकी!
"हे मेक्सिकोचे लोक खोकी लिवतात व्हय रे?"
"थांबा की आज्जी. त्याला ती भाषा शिकवायची हाय अजून."
"न्हाय शिकला तर घाल एक दणका."
"ह्यो दणक्यानं शिकत न्हाय."
पोरगी हसता हसता सुजल्या बोटांकडं बघायला लागली. माझी जीभ पण कुठंही चालते!

३० सप्टेंबर
उमटली एकदाची! मुनव्वरनं आत शिरून स्पॅनिश घातलं, नवी अक्षरं भरली. आता बटणावर छापलंय एक आणि पडद्यावर येतंय दुसरंच. म्हणून चिकटपट्टीचे तुकडे बटणांवर डकवले, त्यावर पेनानं तिकडची अक्षरं. कापायचं काम माझं. एका अक्षराच्या डोक्यावर अळी वळवळते. आणि प्रश्न विचारायच्या आधीच ते लोक उलटं प्रश्नचिन्ह टाकतात — पुढं काय येतंय ते आधी कळावं म्हणून. शहाणी माणसं! आमच्या नातजावयाच्या कपाळावर असलं काही असतं तर?

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
विळी, कोयता, खुरपं यांच्या ओळीत कॉम्प्युटर पण पुजला. मुनव्वर दारातनंच ओरडला, "पाणी शिंपडू नगासा!" कोरडं कुंकू लावलं, झेंडू ठेवला.

२ ऑक्टोबर, दसरा
पेन कागद फाडतंय. रागानं. भीती नाही.

पाट्यावर पुरण वाटत होते. कडी वाजली. उदयसिंह! हातात आपट्याची पानं. "आज्जी, सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा." दसऱ्याला सोनं घेऊन आलेल्याला दारातून परत लावत नाहीत. वैऱ्याला पण नाही. त्याला ते ठाऊक, म्हणून तर आजचा दिवस निवडला मेल्यानं! मी दार उघडलं.

पाया पडला. उठला तो सरळ आत. "हेच व्हय ते?" कॉम्प्युटरचा पडदा उचलून फरशीवर आपटला. वर लाथा. मग पोरीचे केस धरले आणि डोकं टेबलावर — परत — परत! बटणांवर रक्त. मी वरवंटा घेऊन धावले, पण माझा हात खांद्याच्या वर जातो कुठं! तो वाकून तिची दुखरी बोटं पिरगाळत होता. तिनं दुसऱ्या हातानं माझ्याकडचा वरवंटा ओढला. एकच घाव. कानामागं. नारळ फुटल्यासारखा आवाज.

पडला. रक्त, पुरण, आपट्याची पानं, सगळं एकात एक. मुनव्वरनं रिक्षात घालून दवाखान्यात नेला. जिवंत आहे. शुद्ध नाही.

३ ऑक्टोबर
पोलीस आले. "कुणी मारलं?" "मी."
"आज्जी, हात वर करून दावा बघू." नाही झाला.
"मग घाव बसला कसा?"
"मुडदा वाकला हुता. हात वर करायची गरजच पडली न्हाय."
लिहून घेतलं. गाव सोडू नका म्हणाले. ते गेल्यावर पोरगी अंगावर आली, "खोटं का बोललीस?" म्हटलं, "तू आत बसलीस तर सोमवारी परीक्षा मी देऊ व्हय?"

४ ऑक्टोबर
मुनव्वरनं दुसरा पडदा जोडला. बटणांच्या फटीतलं रक्त काडीनं कोरून काढलं. चिकटपट्ट्या परत कापल्या.

६ ऑक्टोबर, सोमवार
बसली! डोक्याला टाके, डोळा काळानिळा. कॅमेऱ्यात दिसेल म्हणून ओढणी घ्यायला लागली. मी ओढणी काढून घेतली. बघू देत.

७ ऑक्टोबर
कंपनीनं घेतली! पण तो शुद्धीवर येऊन हिचं नाव बोलला, तर कसली नोकरी आणि कसलं काय. देवाकडं काय मागायचं तेच कळेना. वाईटच सुचतंय.

८ ऑक्टोबर
उदयसिंह शुद्धीवर आला. पोलीस जबाब घ्यायला गेले तेव्हा सगळी भावकी उशाला उभी. बायकोचं नाव घेतलं नाही. माझंही नाही. बायकांचा मार खाल्ला म्हणून भावकीपुढं कसं सांगेल! "जिन्यावरनं पडलो," म्हणाला.

आमच्या घराला जिना नाही.