गिरणी थांबली की

प्रिय स्नेहल,

पिठाच्या हातांनी लिहितोय, तेव्हा कागद आधी झटक आणि मग वाच. परवा फोनवर तू म्हणालीस, "अण्णा, जोडीदारावर हात उचलला का, ह्या प्रश्नाला बायकांचे 'हो' आणि पुरुषांचे 'हो' जवळजवळ सारखेच आलेत. गाईड मॅडम म्हणतात, आकडे तसे असतील तर तसंच लिही, दोघंही सारखेच मारतात." पुढच्या महिन्यात तुला ते विद्यापीठात मांडायचंय. आकडे तुला पटत नाहीत आणि चूक कुठे आहे ते सापडत नाही, एवढं तुझ्या आवाजावरून कळलं. मला थोडं सापडलंय. पण त्याआधी एक कबुली.

दिवाळीत तू मुलाखती घ्यायला आलीस, तेव्हा ज्याच्या त्याच्या घरी सासवा आणि दीर दाराआड उभे राहायचे. म्हणून गिरणीतली मागची खोली मीच सुचवली. मोटर चालू असली की शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येत नाही, आणि डबा घेऊन निघालेल्या माणसाला कुठं चाललास म्हणून कुणी विचारत नाही. युक्ती झकास होती, फक्त गिरणीवाला मी होतो. श्रीगोंद्याच्या बाजूला कारखान्यावर पोती उचलून ही जुनी गिरणी घेतली, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. दगड बोथट झाला, पट्टा सैल पडला, ज्वारीत खडा आला, मला सगळं आवाजातून कळतं. त्या घरघरीखालून माणसांचं बोलणंही येतं. तू लोकांना सांगत होतीस, "इथलं कुणाला कळणार नाही," आणि मी चाळणी हलवत सगळं ऐकत होतो. तुला सांगायला हवं होतं. ऐकायची हाव सुटली नाही. कुणाजवळ एक शब्द काढलेला नाही, तरी भेटशील तेव्हा माझा कान धर.

आता रंगुबाईचं घे. तू विचारलंस आणि ती खदखदा हसली. "व्हय, मीबी हाणलंय की. पोळपाट फेकलं, पाठीत बसलं. दोन दिस वाकडा चालत हुता, वर लोकास्नी सांगायचा, उसाची मोळी लागली." तू खूण केलीस, एक. दुसऱ्या दिवशी आपला श्रीमंत आला. "एकदाच. लई न्हाई," एवढंच म्हणाला. तीही खूण एक. कागदावर दोघं बरोबरीला. पण श्रीमंतची बायको आली तेव्हा उत्तर द्यायच्या आधी तिनं काय विचारलं, आठवतंय का? "ताई, ह्ये कागद घरी तर येणार न्हाईत ना?" तू नाही म्हणालीस, तरी तिनं दोनदा विचारलं. रंगुबाईच्या नवऱ्याला तूच दुपारी विचारलंस, तुमचं उत्तर लिहू का, तर तो म्हणाला, "लिव्हा की, मोठ्या अक्षरात लिव्हा, तिला वाचून दाखवतो." फटका दोन्हीकडे एकच, बाई. भीती मात्र एकाच घरात होती, आणि तुझ्या फॉर्मात भीतीला रकाना नाही.

बायका गरीब गाय असं मी म्हणत नाही. आपला कानिफनाथ, जत्रेत कुस्त्या मारलेला गडी. तुला म्हणाला, "बायको कुठं मारती व्हय? काय बी विचारता," आणि हसला. तू 'नाही' लिहिलंस. तेवढ्यात बाहेर तिची स्कूटी वाजली आणि हा दळण तसंच टाकून मागच्या दारानं गेला. म्हणजे बाप्याही भितो, आणि सांगायला तर बाईपेक्षा जास्त लाजतो. पण माझ्या कानांनी तसा पुरुष तो एकच ऐकला. तशा बायका नऊ.

मग दोन दिवस दळता दळता मी तुझ्यासाठी एक प्रश्न जुळवला. जोडीदार घरी येतोय असं कळलं की घरातला आवाज बदलतो का? बस्स. मारलं का विचारलं तर माणूस हिशेबात शिरतो, कधी, किती, कुणी आधी. हे विचारलं तर आपसूक खरं बोलेल. बाईला विचार, बाप्याला विचार, शब्द तोच. मॅडमना आवडेल असं मला वाटतं. नाही आवडला तर म्हणावं, आमचे अण्णा नववी नापास आहेत.

प्रश्न एवढा नेमका बसला की मी फुगून गेलो. तुझी आई ओट्यावर शेंगा फोडत होती, तिला ऐकवला. तिनं हात न थांबवता सांगितलं, "चांगला हाय. आपल्यात व्हायचं तसं." म्हटलं, आपल्यात कधी? तर म्हणाली, "सुरवातीच्या वर्षांत. हिकडं गिरणी थांबली की मी रेडू बंद करायची आन् स्नेहलला अंगणातनं आत घ्यायची. तुमी दारात यायच्या आत सगळं गप." मी म्हटलं, मला कधी ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "गप बसलेलं कसं ऐकू यील?"

तर हे पत्र त्यासाठी. दिवाळीत तू माझाही फॉर्म भरलास, तेव्हा तुझा प्रश्न गेल्या बारा महिन्यांचा होता, आणि मी छाती पुढे काढून 'नाही' सांगितलं. खोटं नव्हतं ते. तुझ्या आईवर मी दोनदा हात उचलला, दोन्ही वेळा तू रांगत होतीस, आणि इतक्या वर्षांत दोनदा म्हणजे काहीच नाही असं मी स्वतःला समजावून ठेवलं होतं. ती मात्र दोन मोजत नव्हती, रोज संध्याकाळ मोजत होती. फोनवर सांगितलं असतं तर तू गप्प झाली असतीस, आणि तुझं गप्प होणं मला ह्यावेळी ऐकू आलं असतं. तेवढं धाडस झालं नाही. माझ्या फॉर्मावर 'हो' कर, बारा महिने खोडून. नियमात बसत नसेल तर फॉर्मच फाडून टाक, पण माझं 'नाही' त्यात मोजू नकोस. हल्ली संध्याकाळी गिरणी थांबते आणि रेडिओवरचं गाणं चालूच असतं, मी चपला काढेपर्यंत. हे कधीपासून, म्हणून विचारलं तर तुझी आई हसली. म्हणाली, "त्ये पोरीला सांगंन, तुमाला न्हाई." तेव्हा नवा प्रश्न घेऊन ये आणि पहिली मुलाखत तिची घे. कधी येतेस ते कळव. त्या दिवशी गिरणी बंद ठेवून मी कोपरगावला तुझ्या मावशीकडे जाईन. तिथवर माझ्या कानालाही काही ऐकू येत नाही.

तुझेच, ऐकायला उशीर झालेले,
अण्णा