तीन पॉइंट चार

१ एप्रिल, सोमवार

रुजू झाले! वाळूजला, टँकरच्या यार्डात, पत्र्याच्या ऑफिसात. अण्णा अकरा वर्षं इथेच गाडी चालवतात, आता मीही इथेच. आमच्या घरातली पहिली पदवी— बीएस्सी, फिजिक्स— आणि पहिलं काम काय? पाच नवे टँकर संध्याकाळी यार्डात आले की एकेका केबिनमध्ये चढायचं, स्टिअरिंगमागच्या छोट्या पडद्यावरचं ॲव्हरेज वाचायचं आणि वहीत उतरवायचं. लिटरला किती किलोमीटर. बस, एवढंच.

जेवताना मी जाहीर केलं की जे दिसेल तेच लिहीन, कुणासाठी एक टिंबही हलवणार नाही. घरच्यांसाठीसुद्धा नाही. अण्णा भाकरी मोडत म्हणाले, "बरं हाय."

३ एप्रिल, बुधवार

ड्रायव्हर लोक मला मॅडम म्हणतात आणि हसतात. कडूबामामा तर दार उघडून उभे राहतात— "या मॅडम, नाडी बघा आमच्या म्हशीची."

मला मात्र खरंच नवल वाटतं. एवढं मोठं धूड, बारा हजार लिटर पाणी पाठीवर, दिवसभर खड्डे, ऊन, रांगा. आणि सगळ्याचं सार त्या बोटभर पडद्यावर, एका आकड्यात. आज कडूबामामा ८.९. अण्णा ३.४.

९ एप्रिल, पाडवा

पाण्याला सुट्टी नाही म्हणून गाड्यांनाही नाही. पण सकाळी सगळ्यांनी बोनेटला कडुलिंबाचे डहाळे आणि साखरेच्या गाठी बांधल्या. मी प्रसाद घेऊन गेले तर कडूबामामा अण्णांच्या केबिनमध्ये बसून त्यांना काहीतरी दाखवत होते. मला बघून मामा खाली उतरले. मी गाठीचा तुकडा दिला आणि आले.

१७ एप्रिल, बुधवार

कडूबामामा ९.२. अण्णा ३.४. बाकी तिघं सहा-सातच्या आसपास.

अण्णांना घरी विचारलं, तुम्ही गिअर उशिरा टाकता का? म्हणाले, "टाकतो की वेळेवर." आणि रेडिओ लावला.

३० एप्रिल, मंगळवार

आज विश्वजीत सरांनी महिन्याची यादी मागितली. मोठ्यापासून लहानापर्यंत क्रम लावून. सर यार्डाच्या मालकांचा मुलगा, पुण्याहून शिकून आलेत, वागायला चांगले आहेत. मला म्हणाले, "शाबास, असं काम हवं." मग शेवटच्या नावावर बोट ठेवलं. "हे तुझे वडील ना? एवढं कमी कसं? कुठे डिझेलचे डबे भरून विकत तर नाहीत?"

ते म्हणाले, मेअखेरपर्यंत बघू. सुधारलं नाही तर नवी गाडी काढून घेणार आणि अण्णांना पाइप ओढायच्या कामावर यार्डात ठेवणार.

यादी ऑफिसच्या दाराला लावली. माझ्या अक्षरात. पाचवं नाव— सांडू. वडिलांचं नाव मी पहिल्यांदा असं सगळ्यांनी वाचावं म्हणून लिहिलं, आणि ते असं.

१ मे, बुधवार

आई चुलीकडे तोंड करून म्हणाली, "शिकवलं ते बापाला चोर ठरवायला व्हय?"

मी म्हटलं, आई, आकडा मी बनवला नाही.

"मंग कुणी बनवला?"

आणि हे विचारलं कुणाला? फिजिक्सच्या पदवीधराला!

अण्णा नेहमीसारखे साडेचारला उठून गेले. जाताना माझ्या सायकलची हवा बघून गेले.

५ मे, रविवार

सुट्टी होती. अण्णांना म्हटलं, आज मी तुमच्या गाडीत येते. "ऊन लई हाय," म्हणाले, पण सीटवर धुतलेला टॉवेल पसरून ठेवला होता.

पाण्याच्या पॉइंटवर दोन तास रांग. रांग हातभर सरकायची, थांबायची. मी पडद्याला हात न लावता नुसती बघत होते. पडद्यावर कायम एकच पान लागलेलं असतं, ॲव्हरेजचं. त्याच्या खाली एक बारीक आकडा सतत उडत असतो— ह्या क्षणाचा. आज दिवसभर मी फक्त त्याच्याकडे बघितलं.

चढाला १.८. सपाटीला पाच. पाचोडच्या अलीकडे एक लांब उतार आहे. तिथे अण्णांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि आकडा उसळून ९९.९ झाला! एवढं वजन, एवढा वेग, आणि इंजिनात एक थेंबही जात नव्हता. वजनच वजनाला नेत होतं. हे मी तीन वर्षं मार्कांसाठी पाठ केलं होतं. आज ते माझ्या पायाखालून धावत गेलं. मी अण्णांना ओरडून सांगितलं, "बघा, नव्व्याण्णव!" ते म्हणाले, "आता पुढं नाला हाय, तिथं चार बी राहनार नाय."

आणि खरंच नाही राहिले.

वस्तीवरची टाकी उंचावर आहे. पाणी वर चढवायला गाडीवरचा पंप लावावा लागतो, आणि तो चालतो गाडीच्याच इंजिनावर. पस्तीस मिनिटं गाडी जागेवर घुरघुरत उभी. बारीक आकडा— ०.०. डिझेल जळतंय, किलोमीटर शून्य. खाली बायका घागरी घेऊन उभ्या. सरूबाई म्हणून एक म्हातारी आहेत, त्यांनी मला विचारलं, "सांडूची लेक का? तुझा बाप शेवटचा थेंब वर चढल्याबिगर गाडी बंद करत नाय, माय."

मग मला वाटलं, हा ३.४ म्हणजे चोरी नाही, ही टाकी आहे.

८ मे, बुधवार

पण एवढ्याने भागत नाही. पंप तर सगळ्यांनाच लावावा लागतो, कडूबामामांनाही. त्यांच्या वाड्या दौलताबादच्या घाटाच्या वर आहेत, भरलेली गाडी घाट चढते. मग त्यांना ९.२ येतंच कसं?

वही पहिल्यापासून वाचली. तेव्हा दिसलं, जे महिनाभर रोज लिहूनही दिसलं नव्हतं! सगळ्यांचे आकडे वरखाली उड्या मारतात. अण्णांचा— ३.४, ३.४, ३.४. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत. रविवारी तो ९९.९ आला, तो पस्तीस मिनिटांचा शून्य आला, आणि संध्याकाळी तरीही ३.४.

न हलणारा आकडा. पडदा बिघडलाय की काय?

९ मे, गुरुवार

गाड्यांचं वायरिंग बघायला मुनीरभाई येतात, चष्मा दोरीला बांधलेले. त्यांना अण्णांच्या केबिनमध्ये नेलं. पडदा बिघडलाय म्हटलं तर हसले. "बिगड्या नई बेटा. ये सब याद रखके बैठा है."

मग त्यांनी समजावलं. मी जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण एवढं सुंदर मला कुठल्याही प्राध्यापकांनी शिकवलं नाही.

हा पडदा टाकीकडे बघतच नाही. इंजिनात प्रत्येक फवाऱ्याला किती डिझेल गेलं, तेवढंच तो मोजतो. टाकीतून कुणी डबा भरून नेला तर ह्याला पत्ताही लागत नाही. "चोरी का डिझेल इंजन में गयाच नई, तो ये कैसा दिखाएगा?" म्हणजे पडद्यावरचं कमी ॲव्हरेज म्हणजे डिझेल जळलंय. विकलेलं नाही. चोरी पकडायची तर पेट्रोलपंपावर भरलेलं डिझेल आणि इथे जळलेलं डिझेल ताडून बघायचं. ते मी पावत्या घेऊन तिथेच ताडून बघितलं. अण्णांचं जुळलं. पार लिटराला लिटर.

आणि दुसरं. मुनीरभाईंनी पडद्याचं पान उलटलं. तिथे लिहिलेलं असतं, हे ॲव्हरेज किती किलोमीटरांचं आहे— बटण दाबून शेवटचं शून्य केलं तेव्हापासून. अण्णांच्या गाडीवर— १४,२१२. गेल्या वर्षी गाडी आली त्या दिवसापासून एकदाही शून्य केलेलं नाही! पहिले दोन महिने ही गाडी शहराबाहेरच्या नव्या इमारतींवर होती, दिवसदिवस उभी राहून स्लॅबवर पाणी चढवत. ते सगळं उभं राहणं त्या ३.४ मध्ये आहे. त्यात आता एका दिवसाचं चालणं म्हणजे जायकवाडीत एक टँकर ओतणं. पातळी कशी हलेल?

मग आम्ही कडूबामामांच्या केबिनमध्ये चढलो. पान उलटलं. १९ किलोमीटर.

एकोणीस. घाटाच्या माथ्यापासून यार्डापर्यंत. गाडी रिकामी, रस्ता उताराचा. माथ्यावर बटण दाबायचं आणि खाली यायचं.

मुनीरभाई म्हणाले, "बाकी तीनों का भी ऐसाच निकलेगा." तसंच निघालं.

मी महिनाभर एका माणसाचं वर्ष आणि चौघांचा शेवटचा अर्धा तास एका रांगेत लावत होते.

१० मे, शुक्रवार

सरांना सगळं दाखवलं. म्हटलं, यादी चुकली, चूक माझी आहे, मी पान उलटलं नाही. सरांनी वहीची पानं मागेपुढे चाळली. मग म्हणाले, "वडिलांनीच का नाही सांगितलं? बाकीचे दाबतात, ते का नाही दाबत?"

मी म्हटलं, सर, अण्णा चौथी शिकलेत. त्यांना ते बटण माहीतच नाही. मालकाच्या वस्तूला उगाच हात लावायचा नाही, असे आहेत ते.

सर हसले. चांगलं हसले. बुधवारी सकाळी पाचही गाड्या माझ्यासमोर शून्य करायच्या आणि संध्याकाळी बघायचं, असं ठरलं.

१५ मे, बुधवार

सकाळी पाचला यार्डात. मी स्वतः पाच बटणं दाबली. अण्णांच्या गाडीत जरा थांबले. १४,००० किलोमीटर, सगळ्या रांगा, सगळे स्लॅब, सरूबाईंची टाकी— एका बोटाखाली. दाबलं. ०.०.

संध्याकाळी: अण्णा ४.३. कडूबामामा ४.१. बाकी तिघं ३.९, ४.०, ४.०.

सगळे एकमेकांच्या शेजारी! कुणी चोर नाही, कुणी जादूगार नाही. पाणी सगळ्यांना सारखंच जड.

सरांनी जुनी यादी दारावरून काढली. अण्णांची गाडी अण्णांकडेच. आता रोज सकाळी शून्य करायचं काम माझं, आणि कुणी मधे दाबलं तर पान उलटून कळणारच. बाकीचे कडूबामामांना म्हणाले, "मामा, घाट सपाट झाला म्हनं." मामाही हसले, जरा तिरपे.

आईने पुरणाची पोळी केली. सणवार नसताना. मी अण्णांना कागदावर पडदा काढून समजावलं— हे बटण, हे पान, ही सरासरी. ते मन लावून ऐकत होते. मधेच म्हणाले, "लई भारी हाय की." लहान मुलाला शिकवावं तसं वाटलं मला. अभिमान वाटला. त्यांचाही, माझाही.

१६ मे, गुरुवार

अण्णा ४.२.

१८ मे, शनिवार

आज आकडा लिहून मी उतरत होते, तेव्हा कडूबामामा म्हणाले, "मॅडम, तू मालकाला सांगितलं म्हनं, सांडूला बटन ठाव नव्हतं. अगं, पाडव्याला मीच नाय का दाखवलं त्याला? दोनदा म्हनलं बी, दाबून बघ, पर हात मागं घेतला त्यानं."

अण्णा ओल्या फडक्याने गाडीची काच पुसत होते. मी खाली उभी राहून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग दाबलं का नाही? निदान मला तरी सांगायचं!"

त्यांनी फडकं पिळलं. खालच्या बादलीतच पिळलं, थेंब बाहेर जाऊ दिला नाही.

"सांगितलं असतं तर चौघांची नावं घ्यावी लागली असती. अन् दाबलं असतं तर—" काचेतून वर पडद्याकडे बघितलं त्यांनी. "तो खोटा आकडा लिहिनारी तू होतीस ना, बाई."