नववी प्रत

आर्क्युई, २ मार्च १९५८

चि. सोलांज हिस,
ओदील मावशीचे अनेक आशीर्वाद.

सहाव्या महिन्यात आगगाडी नकोच, न आलीस ते बरं केलंस. पण तुझ्या काकांचा नेम तुला ठाऊक आहे: ब्राँझच्या आठ प्रती ओतल्या की जिच्यावरून मूर्ती घडवली तिनंच हातोड्यानं साचा फोडायचा. लहानपणी जिच्यासाठी तू एका पायावर उभी राहून काकांना शिव्या घालत होतीस, त्या वीतभर पोरीच्या मूर्तीचा साचा अजून शाबूत आहे. आत तुझ्या गास्तोंकाकांच्या अंगठ्याचे ठसे आहेत गं! माझ्यानं फोडवेना. उलट ओताऱ्याला गळ घालून माझ्यापुरती नववी प्रत ओतून घेतली. आता स्वयंपाकघरात तिचीच सोबत.

एतिएनला सांग, बायकोला जड उचलू देऊ नको. माया असू दे.

तिएर, १९ मार्च

ती. मावशीस,
सोलांजचा सा. न.

गेल्या माणसाचा नेम मोडलास की नाही, म्हणून एतिएन हसला. मला हसू आलं नाही. पोट वाढायचं थांबलंय. सुईण लाकडी नळी लावून कितीतरी वेळ ऐकत बसली, मग म्हणाली, झोपलं असेल. शनिवारीही तेच म्हणाली. मावशी, मला फार भीती वाटते. माझ्यासाठी मेणबत्ती लाव.

तुझीच, सोलांज

आर्क्युई, २३ मार्च

चि. सोलांज, आशीर्वाद.

मेणबत्ती लावली. पण एक सांगते, वेडी म्हणू नकोस. मूर्तीचं पोट पुढे आलंय. आधी वाटलं, म्हातारीचे डोळे गेले. मग शिवणाची फीत लावली, चार दिवसांनी पुन्हा लावली. अगं, धातू फुगेल कसा? ओतारी पांढराफटक पडला, म्हणाला, शुक्रवारच्या भट्टीत वितळवून टाकू. मी हो म्हटलंय. हट्ट माझा, भोग तुला नकोत.

तुझी अभागी मावशी

तिएर, २५ मार्च

मावशी, वितळवू नकोस! पाया पडते. आधी पोटाला कान लाव. सुईणीला इथे काही ऐकू येत नाही, पण ते कुठेतरी असेलच ना? तुझ्याकडे असेल तर सांभाळ गं.

सोलांज

आर्क्युई, २७ मार्च

सोलांज, बाळे,

कान लावला. भराभर ठोके आहेत. आतून गालावर लाथही बसली. ओताऱ्याला दारातूनच परत पाठवलं. शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसलेय.

सोमवारच्या गाडीनं दोघं येतो. तोवर रडू नकोस, पोटभर जेव. तू बाराला जेवायला बसतेस ना? तेव्हाच हे हलतं.