डावीकडचे शंकू

ता. २ एप्रिल

ती. बाबांना, शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते आणि खोलीच्या खिडकीला नवी कडी बसवून घेतली आहे. म्हणजे आईचे तिन्ही प्रश्न संपले. आता बातमी. आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत वार्षिक सभेला चिठ्ठ्या टाकल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव निघालं. बक्षीस काय, तर शहराबाहेरच्या रेस-ट्रॅकवर एक दिवस चार सुपरकार चालवून बघायच्या! मला सायकलचा तोल जेमतेम सांभाळता येतो. साहेब म्हणाले, दे कुणालातरी. मी ते तुमच्या नावावर करून घेतलं.

बाबा, तुम्ही इतकी वर्षं दुसऱ्यांची मुलं व्हॅनमधून शाळेत पोचवलीत, म्हणून मी कॉलेजात पोचले. चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही हा तुमचा नियम. एक दिवस त्या काट्याला सुट्टी द्या. तिथे शेजारी शिकवणारा बसतो, रस्ता एकेरी असतो, समोरून कोणी येत नाही. शाळा बंद झाली की या. नाही म्हणालात तर मी जेवण सोडीन, आणि ही धमकी आईला वाचून दाखवू नका.

तुमचे आशीर्वाद मी पुरवून पुरवून वापरते. आणखी पाठवा.

तुमची,
पदवीबाई


ता. ८ एप्रिल

चि. पदवीबाईंना अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी वाटलं, थट्टा करतेस. तुझी आई म्हणाली, त्या गाड्या जमिनीला चिकटलेल्या असतात, यांना आत ठेवायला आणि बाहेर काढायला माणसं लागतील. मी म्हटलं, मग तूच चल. शेजारच्या शिंप्याला सांगितलं तर तो म्हणाला, चार गाड्या म्हणजे चार जादा पँटी शिवून ठेवतो. आता सगळी गल्ली मला 'रेसर' म्हणते.

येतो. शाळेला सुट्टी लागली, व्हॅन धुवून ठेवली आहे. तिला सांगितलं, रुसू नकोस, त्या एका दिवसाच्या पाहुण्या आहेत, संसार तुझ्याशीच.

एक विचारायचं होतं. लायसन्स बघतात ते ठीक, पण गाडी देण्याआधी आणखी काही तपासतात का? रक्तदाब, डोळे वगैरे? सहज विचारलं.

उन्हातून फिरू नकोस. आमची आठवण अधूनमधून येऊ दे, रोज नको, कामात लक्ष राहणार नाही.

तुझा,
बाबा


ता. १० एप्रिल

चि. लेकीस आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला गेले तर हे शेजारीच बसलेले असतात, म्हणून लिहिते. अक्षर लागत नसेल तर दोनदा वाच.

तुझ्या बाबांना डाव्या बाजूचं दिसत नाही. दाराच्या चौकटीला डावा खांदा रोज लागतो. ताटात डावीकडे वाढलेलं तसंच राहतं आणि मला म्हणतात, आज भाजी केली नाहीस का. मी भांडून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, काचबिंदू आहे, डोळ्यातला दाब वाढून बाजूची नजर गेली आहे. थेंब घातले तर उरली आहे ती टिकेल, गेलेली परत येणार नाही. आता गाडी चालवू नका, असंही सांगितलं. हे बाहेर येऊन म्हणाले, डॉक्टर नवखा आहे. समोरच्या पाटीवरची शेवटची ओळ मी घडाघडा वाचली, मग आंधळा कसा?

तुला काही कळवायचं नाही म्हणून त्यांनी मला शपथ घातली आहे. मोडली, जे व्हायचं ते होवो. तुझं पत्र आल्यापासून त्यांनी एकच धरलंय. त्या गाड्या नीट चालवल्या तर व्हॅन सोडणार नाहीत. नाही जमलं तर शाळा उघडायच्या आत किल्ली स्वतःहून देतील. मी म्हटलं, त्या व्हॅनमध्ये लोकांची लेकरं असतात. तर म्हणाले, म्हणूनच तर बघतोय.

तू शिकलेली आहेस. जाऊ देऊ की नको, तूच सांग. मला दोन्हीचं भय वाटतं.

घरावर माया आहेच तुझी, तशीच असू दे.

तुझी,
आई


ता. १५ एप्रिल

ती. आईला शि. सा. न. वि. वि.

तुझं अक्षर लागलं. दोनदा नाही, किती वेळा वाचलं ते विचारू नकोस.

रद्द करावं असं पहिल्यांदा वाटलं. पण मी रद्द केलं तर ते शाळा उघडताच पुन्हा व्हॅन काढतील आणि त्यांना अडवणारं कुणी नसेल. ट्रॅकवर निदान कुणाचं मूल नाही. मी काल तिथे जाऊन शिकवणाऱ्याला सगळं खरं सांगितलं. आमच्या कामात पाणी गढूळ असेल तर गढूळच लिहायचं असतं, तेवढंच मला येतं. तो आधी नाहीच म्हणाला. मग म्हणाला, त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक आहे, ट्रॅक मोकळा असेल तेव्हा अगदी सावकाश फिरवून आणीन.

बाबांना हे सांगितलेलं नाही. त्यांच्या पाठीमागे बोलले, ते मनातून जात नाही. तोवर व्हॅनची किल्ली तुझ्याजवळ ठेव. थेंब चुकवू नकोस.

तुझ्या मायेच्या आधाराने,
लेक


ता. २८ एप्रिल

ती. आईला शि. सा. न. वि. वि.

बाबा अजून माझ्याकडेच आहेत. आत्ता झोपले आहेत. त्यांच्यासमोर फोनवर बोलता येणार नाही.

आज सकाळी ते ट्रॅकसाठी नवा शर्ट घालून तयार होते. पहिली गाडी पिवळी. आत बसले, आणि सुरू करण्याआधी सवयीने मान वळवून मुलं बसली का ते बघितलं. मागे सीटच नव्हती. शिकवणारा हसला, तेही हसले. पहिल्या वळणावर त्यांनी हॉर्न वाजवला. शिकवणारा नंतर म्हणाला, इतक्या वर्षांत या गाडीचा हॉर्न आज पहिल्यांदा ऐकला. आई, तेवढी फेरी ते इतके खूश होते की मला वाटलं डॉक्टरच चुकले असतील.

वळणांच्या कडेला नारिंगी शंकू ठेवलेले असतात. पिवळ्या गाडीने डावीकडचा एक पाडला. लाल गाडीने पाडला, करड्या गाडीनेही. त्यांना कळलंच नाही. सांगितलं तेव्हा म्हणाले, यांचं स्टिअरिंग डावीकडे, या उलट्या गाड्यांचा अंदाज येत नाही.

चौथी हिरवी. तिचं स्टिअरिंग उजवीकडे, आपल्या व्हॅनसारखी. ती त्यांनी इतकी हळू चालवली की पुढच्या फेरीसाठी थांबलेली पोरं खिदळायला लागली. मी कठड्याशी उभी होते. डावं वळण आलं आणि शंकू गाडीखाली गेला, खरडत माझ्यापर्यंत आला. बाबा उतरले. त्यांना वाटलं सायलेन्सर निखळला. खाली वाकून बघितलं, शंकू ओढून काढला आणि हातात धरून उभे राहिले. म्हणाले, "बुटाची नाडी बांधायला वाकलेलं पोर एवढंच असतं."

कुणी हसलं नाही. त्यांनी तो परत जागेवर ठेवला, पायाने दाबून पक्का केला. मी त्यांना आनंद द्यायला निघाले होते गं.

तुझ्याजवळ असते तर बरं झालं असतं.

लेक


ता. १४ जून

चि. पदवीबाईंना अनेक आशीर्वाद.

शाळा उघडली. किल्ली मी शाळा उघडायच्या आधीच दिली होती. व्हॅनचा मालक चांगला माणूस, वर्षभर तरी राहा म्हणाला, त्याला कारण सांगितलं तेव्हा किल्ली ठेवून घेतली. नवा ड्रायव्हर तरुण आहे. घरं दाखवायला पहिला दिवस त्याच्या शेजारी बसलो. चांगला चालवतो. तरी प्रत्येक वळणावर माझा उजवा पाय खालची चटई दाबत होता. संध्याकाळी पोटरी दुखत होती, तुझी आई म्हणाली, न चालवता दमलात.

बालवर्गातल्या एका मुलीने विचारलं, काका, उद्या तुम्ही कुठल्या सीटवर? सांगितलं, उद्या मी येणार नाही. ती म्हणाली, मग मी खिडकीशी बसते.

तू त्या शिकवणाऱ्याला आधीच सांगितलं होतंस, ते मला पहिल्याच फेरीत कळलं. माझ्याआधी त्याचा पाय ब्रेकवर जात होता. राग आला होता, खोटं कशाला सांगू. बरेच दिवस टिकला. तू मागच्या पत्रात ते कबूल करून माफी मागितलीस ती परत घे. गढूळ ते गढूळच लिहायचं. पण त्या पिवळ्या गाडीच्या एका फेरीपुरतं मला ते कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं. तेवढं वाटू दे.

सकाळी व्हॅन गल्लीतून जाते तेव्हा मी घरात जाऊन बसतो. थेंब घालतो, वेळेवर. शिंपी आता 'रेसर' म्हणत नाही, त्याचंच जास्त लागतं.

पुढच्या खेपेला येशील तेव्हा आपण बाजारापर्यंत पायी जाऊ. तू माझ्या डाव्या बाजूने चाल. हात धरू नकोस, सांभाळून म्हणू नकोस. नुसती त्या बाजूला अस.

माया कमी करू नकोस.

तुझा,
बाबा