'तोकुएइ मारू' कापू नये, आणि तिच्यातल्या केसांविषयी

मी, इसोबे फुमिए, वय सत्त्याहत्तर, कै. इसोबे तोकुजी यांची पत्नी, राहणार कामेउरा बंदर, नागासाकी प्रांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. माझ्यावर दबाव आणू शकणारा माणूस चार वर्षांपूर्वी वारला आणि त्यालाही ते फारसे जमले नव्हते. आजचा दिवस पंचांगात असा आहे की या दिवशी कोणी अंत्यविधी करत नाही, म्हणून या कामासाठी मी तोच निवडला.

कलम १. घर आणि त्याखालची जमीन माझा एकुलता मुलगा कुनिहिको याला द्यावी. तो फुकुओकात विमा विकतो आणि हे घर विकणार आहे, हे मला ठाऊक आहे. विकावे. मात्र न्हाणीघराच्या भिंतीला हात पुसू नयेत. मी अडीच वर्षे रोज अंगणातली फायबरची मच्छीमार बोट घासून तिथे अंघोळ केली आहे आणि भिंतीच्या लाकडात बसलेली त्या फायबरमधल्या काचेची भुकटी अजून चावते. घेणाऱ्याला हे आधी सांगावे, नंतर तो सांगेल ते ऐकवणार नाही.

कलम २. पोस्टातली ठेव सूनबाई मिहो हिला द्यावी, कुनिहिकोला नव्हे. ती दर नव्या वर्षाला येते आणि न सांगता भांडी घासते.

कलम ३. ग्राइंडर, रोलर, तोंडाला लावायचे दोन मास्क, उरलेले काचपेपर आणि रेझिनचा अर्धा डबा रंगाच्या दुकानाचे मात्सुओ यांना परत द्यावा. त्यांनी मला रेझिन कसे कालवायचे ते शिकवले. ऑगस्टच्या उकाड्यात रेझिन घट्ट करणारा हार्डनर निम्मा घालायचा, हेही त्यांनी सांगितले होते. ते मी ऐकले नाही. बादली धुमसली, वितळली, आणि शेजाऱ्यांनी अग्निशमनवाल्यांना बोलावले. ते आले, बादलीकडे बघत उभे राहिले आणि चहा पिऊन गेले. मात्सुओ एवढेच म्हणाले, "वहिनी, हे लोणचं नाही. अंदाजाने घालायचं नसतं."

कलम ४. आता बोट. खरे तर बाकीची सगळी कलमे तिच्याचसाठी लिहावी लागली.

साडेसात मीटरची फायबरची मच्छीमार बोट 'तोकुएइ मारू', १९८३ साली त्सुरुदा यांच्या कारखान्यात बांधलेली, सध्या माझ्या अंगणात चार लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. ती कोणत्याही कारणाने कापू नये. कुनिहिकोचे म्हणणे मी फोनवर सतरा वेळा ऐकले आहे: "आई, फायबर जाळता येत नाही, पुरता येत नाही. तुझ्यामागे ते धूड माझ्या गळ्यात येणार. आत्ताच कापून टाकू." एकदा त्याने करवतवाला परस्पर पाठवलाही. मी त्याला सुकी मासळी बांधून दिली आणि फाटक लावून घेतले.

त्याच्या माहितीसाठी, बोट आता अशी आहे. तळाचे फोड उघडून, वाळवून, बुजवले आहेत. डेक हातोडीने वाजवत गेले, कलिंगड वाजवतात तसे, आणि जिथे आवाज बसका आला तिथे कापले. आतले कुजके लाकूड काढून नवे बसवले आणि वर काचतंतूंच्या मॅटचे पाच थर दिले. इंजिन मात्सुओंच्या मेहुण्याने पाहिले. बोट तरंगेल.

कलम ५. ही बोट मी ओगुची हिसानो, वय चौऱ्याहत्तर, हिला देते. ती माझी नातलग नाही. दोन वर्षे आम्ही बोलत नव्हतो. चूक माझी होती आणि ती कशी झाली ते इथे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण कुनिहिको विचारणार.

आमच्याकडे प्रत्येक मच्छीमार बोटीच्या पोटात बोटीची देवी असते. बांधणारा एका कप्प्यात कागदाच्या दोन बाहुल्या, दोन फासे, बारा नाणी आणि मालकाच्या बायकोचे केस ठेवतो आणि कप्पा बंद करतो. बोट लाकडाची होती तेव्हाही हे होते, फायबरची झाली तरी आहे. देवी बाई आहे, म्हणून बाईवर जळते, बाईला बोटीत घ्यायचे नाही, असे जुने लोक म्हणत. पुढे सगळ्यांच्या बायका बोटीत बसू लागल्या. तोकुजीने मला शेवटपर्यंत पाय ठेवू दिला नाही. विचारले की म्हणायचा, "तुझे केस आहेत ना आत? झालं तर मग."

केस मी दिले होते. १९८३ च्या वसंतात, कात्रीने, कानामागचे. माझे केस जन्मापासून कुरळे आहेत. शाळेत मला सागरी गवत म्हणत.

केबिनखालचा कुजका भाग कापताना मला तो कप्पा सापडला. आत बाहुल्या होत्या, फासे होते, नाणी होती आणि लाल दोऱ्याने बांधलेली सरळ, काळी, वीतभर लांब बट होती.

अख्ख्या कामेउरात असे केस एकीचेच होते. हिसानोची वेणी कमरेखाली यायची. तिने वीस वर्षे शाळेची होडी चालवली. नवरा सोडून आलेली, मोठ्याने हसणारी. मी कोणाला काही विचारले नाही. पितरांच्या सणाला सगळ्या बायका थडगी धूत होत्या, तिथे मी ती बट लग्नात आहेर घालतात त्या पाकिटात घालून तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, "तुझा माल माझ्या नवऱ्याच्या बोटीत राहिला होता. घेऊन जा."

हिसानोने पाकीट उघडून पाहिले. "त्या बोटीत? अगं, मला त्याने धक्क्यावरून दोर टाकायलासुद्धा दिला नाही कधी."

"केस बोलतायत," मी म्हणाले. बायका बादल्या धरून उभ्या होत्या. पाकीट तिने परत माझ्या हातात ठेवले.

पुढच्या आठवड्यात ती वेणी कापून बाजारात आली. मानेपर्यंत. कोणी कारण विचारले तर म्हणे, "उन्हाळा आहे." मी ते पाहिले आणि मला बरे वाटले. ते मला बरे वाटले होते, हे इथे लिहून ठेवते.

कलम ६. (हे कलम नाही, पण कुठे घालावे कळेना.) या वर्षी मार्चमध्ये कप्पा परत बंद करायची वेळ आली. फासे कसे ठेवायचे ते मला माहीत नव्हते. अंदाजाने ठेवले, ती बट घरीच ठेवून वर रेझिन ओतले, आणि वाळल्यावर शंका आली. म्हणून वृद्धाश्रमात बोट बांधणाऱ्या त्सुरुदांना भेटायला गेले. ते एक्क्याण्णव वर्षांचे आहेत. नातवंडांची नावे विसरतात, बोटींची नाही.

"एक आभाळाकडे, सहा तळाकडे," ते म्हणाले. "तुम्ही कसे ठेवलेत?"

"उलटे."

"मग कापा परत."

मी निघाले तेव्हा त्यांनीच हाक मारली. "वहिनी, केसांचं काय केलंत? न्हाव्याकडचे?"

मी खाली बसले. त्यांनी सांगितले ते असे. जिचे केस आत, तिचा जीव बोटीला बांधलेला, अशी इथली समजूत आहे. बोट गेली तर ती बाईला ओढून नेते. बोट पाण्यात सोडायच्या आदल्या दिवशी तोकुजी कारखान्यात आला. सासेबो शहरातल्या एका न्हाव्याच्या दुकानातून फरशीवरचे केस उचलून आणले होते. कोणाचे, त्यालाही माहीत नव्हते. म्हणाला, "मी बुडालो तर बुडालो. फुमिएला कशाला?" त्सुरुदा म्हणाले, "देवीला फसवतोयस." तो म्हणाला, "म्हणून तर फुमिएला कधी बसवणार नाही. देवीला कळलं तर?"

"आणि माझे केस?" मी विचारले.

"माझ्या शेगडीत टाकले. कारखान्यात चार दिवस वास होता."

मला तोकुजीचा भयंकर राग आला आणि बसस्टॉपवर बसून मी रडले. एक बस सोडली. सदतीस वर्षे माणूस माझ्यासाठी भीत राहिला आणि मला वाटत राहिले की त्याला माझी लाज वाटते. सांगितले असते तर मी म्हटले असते, राहू देत माझेच.

कप्पा मी पुन्हा कापला. फासे सुलट केले. सासेबोतल्या अनोळखी बाईची बट देवळात नेऊन जाळली, तिचे इतक्या वर्षांचे उपकार आहेत. आत माझे केस ठेवले, आता पांढरे, पण कुरळेच. वर तीन थर दिले. ते आता निघणार नाहीत.

कलम ७. गेल्या मंगळवारी मी हिसानोच्या घरी गेले. ती मासळी वाळत घालत होती.

"माफी मागायला आलीस?" ती मान वर न करता म्हणाली.

"नाही. बोटीचं विचारायला."

"मग बोटीचं बोल."

"मी गेल्यावर घेशील?"

"मेलेल्या बाईकडून मी काही घेत नाही. कटकट असते. जिवंतपणी द्यायची तर दे, आणि पहिल्या फेरीला स्वतः बस."

"मला पोहता येत नाही."

"मला येतं. पण तुला ओढत आणण्याइतकं नाही."

तर उद्याचा दिवस शुभ आहे, सकाळी साडेआठला मोठी भरती आहे आणि क्रेनवाला सातला येणार आहे. हिसानो बोट चालवेल, मी पुढे बसेन. हे मृत्युपत्र आज लिहिण्याचे कारण एवढेच. देवीला सगळे कळले असेल तर तिने माझ्याशी काय ते बघावे. हिसानोला त्यात ओढू नये, अशी माझी तिला विनंती आहे आणि या कागदावर तीही नोंदवावी.

कलम ८. मी परत आले नाही तर कुनिहिकोने कलम पाच आणि सहा हिसानोला मोठ्याने वाचून दाखवावे. विमा विकतो तशा आवाजात नव्हे.

मी परत आले तरी हा कागद फाडू नये. याची एक प्रत मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून उद्या सोबत नेणार आहे. मंगळवारी मला माफीचे शब्द तोंडातून काढता आले नाहीत. लिहिलेले मात्र मला वाचता येते. लाटरोधक बांध ओलांडून बोट बाहेर पडली की मी हिसानोला इंजिन बंद करायला सांगेन आणि कलम पाच आणि सहा वाचेन. तिथून तिला उठून जाता येणार नाही, आणि मलाही.

कायद्याने अशा कागदाला साक्षीदार लागत नाहीत म्हणे. पण आमच्या बंदरात साक्षीदाराशिवाय कोणी शिळे बांगडेसुद्धा विकत नाही. हिसानोला यात मिळकत मिळते, म्हणून तिची सही घेतलेली नाही.

साक्षीदार १: मात्सुओ योशिताका, रंगाचे दुकान. (इसोबे वहिनींचे डोके ठिकाणावर आहे. हार्डनरचे प्रमाणही आता बरोबर असते.)

साक्षीदार २: इवानागा साचिए, परिचारिका, बंदर दवाखाना. (रक्तदाब आज जास्त आहे. कारण त्यांनी वर लिहिलेच आहे.)

लिहिणार: इसोबे फुमिए. सही आणि शिक्का.

कामेउरा, ५ जून २०२४.